हौदात तोंड घालणारी बाई

आमच्या वडनेर भोलजीत कुणाला ‘शालूबाई’ म्हणून विचारलंत तर माणूस जरा थांबेल, आठवू लागेल. ‘हौदात तोंड घालणारी’ म्हणा, शेंबडं पोरगंही तुम्हाला आमच्या दारात आणून सोडेल. माझ्या धाकट्या भावाची, तुळशीरामची, ही बायको. चोवीस वर्षं या घरात नांदते आहे. दोन एकरांत मेथी, वांगी, मिरची पिकवते, नांदुऱ्याच्या आठवडी बाजारात स्वतः बसून विकते, आणि एकुलती एक लेक अपेक्षा तिने याच भाजीवर पदवीपर्यंत शिकवली. यातलं गावाला काही आठवत नाही. आठवतो तो हौद.

मला याचा राग येतो. मी तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, गावात मला जनकाबाई मास्तरीण म्हणतात, आणि माझा राग तालुक्याला माहीत आहे. तो आवरायला मला कधी जमलं नाही आणि आता या वयात शिकायचंही नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. यात ज्यांना दोन शब्द लागतील त्यांनी लागून घ्यावेत. त्यात मीही आहे, पण ते पुढे येईलच.

तिला हे पहिल्यांदा झालं तेव्हा अपेक्षा चार वर्षांची होती. पौषातली सकाळ. शालूबाई घरात बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. धावपळ नाही, भांडण नाही, कसली भीती नाही. एकदम छातीत मोटर सुरू झाली. हा शब्द तिचाच आहे आणि त्याहून चांगला शब्द मला अजून कुणी सांगितलेला नाही. लाइन आली की विहिरीवरची मोटर एका झटक्यात चालू होते, हळूहळू नाही, तशी. गळ्याजवळची शीर उडू लागली, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली.

आता कुणीही म्हणेल, आडवं पडायचं, कुणाला हाक मारायची. कुणाला मारणार? पुढच्या ओसरीवर माझे थोरले भाऊ वामनराव पेपर वाचत बसलेले. ते तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे सुनेने भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. अगदीच काही सांगायचं असेल तर पोरांना मध्ये घालायचं, पोरं नसतील तर भिंतीला सांगायचं, म्हणजे भासऱ्यांना आपोआप ऐकू जातं. जीव चालला असला तरी हीच रीत. ती मागच्या दाराने गोठ्यात गेली. तिथे ढोरांचा सिमेंटचा हौद आहे. तोंडावर पाणी मारावं म्हणून वाकली, तोल गेला, आणि सगळं तोंड त्या बर्फासारख्या पाण्यात गेलं. श्वास कोंडून तशीच राहिली. वर आली तर मोटर बंद. जशी एकदम सुरू झाली तशीच एकदम बंद.

तेव्हापासून दर एक-दोन महिन्यांनी हे व्हायचं, आणि ती उठून मागच्या दाराने गोठ्यात जायची. एका चौथी शिकलेल्या बाईने स्वतःच्या आजारावर स्वतः उपाय शोधला होता. तिने तो लपवलाही नाही. नवऱ्याला सांगितला, जावेला सांगितला, शेजारणीला सांगितला. तुळशीरामने “बरं” म्हटलं. माझा हा भाऊ देवमाणूस आहे असं लोक म्हणतात. देवासारखाच तो ऐकतो आणि काही करत नाही.

मग एकदा वामनरावांनी तिला पाहिलं. पदर खांद्यावर पडलेला, केस सुटलेले, डोकं ढोरांच्या हौदात. झालं. “हिच्या आंगात वारं आहे,” म्हणून त्यांनी जाहीर केलं, आणि आमच्या घरात वामनरावांनी जाहीर केलं की ते ठरलं. तिला एका बाबाकडे नेलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे तिला केस धरून बसवलं आणि निरगुडीच्या फोकांनी मारलं. वारं का निघालं नाही, तर मुळात नव्हतंच. पण तीन शनिवार नेलं.

मी तेव्हा रोहिणखेडला नोकरीला होते. दिवाळीला माहेरी आले तेव्हा तिला न्हाताना पाठ चोळून द्यायला गेले आणि वळ पाहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग मी काय केलं? दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. मी दादाला ओवाळलं.

सहा वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. यजमान आधीच गेले होते, मूलबाळ नाही, म्हणून माहेरी मागच्या अंगणात दोन खोल्या बांधून राहायला आले. ठरवलंच होतं की आता ही भानगड आपण शास्त्राने सोडवायची. शिकलेली माणसं घरात आली की असं ठरवतात.

तिला धडधड सुरू झाली की अपेक्षा मला हाक मारायची आणि मी धावायची. धावत जाऊन पहिलं वाक्य काय बोलायची ते नीट वाचा. “ऊठ, तोंड धुऊन घे. दवाखान्यात कुणी हे चिखलाचं तोंड घेऊन जातं काय?” तेहतीस वर्षं पोरांची नखं आणि कान तपासलेली बाई मी. डॉक्टरसमोर भाऊजय मातीने माखलेली, कुंकू फिस्कटलेलं, अशी नेणं मला शोभणार होतं का? ती बिचारी उठायची, रांजणातलं गार पाणी घेऊन खळाखळा तोंड धुवायची, लुगडं बदलायची, कुंकू लावायची. मग ऑटो, मग नांदुरा, मग दवाखाना. डॉक्टर छातीला तारा लावून पट्टी काढायचे. पट्टी नॉर्मल. तीन वेळा नेलं, तिन्ही वेळा नॉर्मल.

तिसऱ्या वेळी डॉक्टर माझ्याशी बोलले, तिच्याशी नाही. म्हणाले, “हृदय उत्तम आहे. हे मनाचं असतं. या वयात बायकांना होतं असं, टेन्शन घेतात. मन रमवा त्यांचं.”

शालूबाई खुर्चीच्या टोकावर बसली होती. ती म्हणाली, “सायेब, पान्यात तोंड घातलं का थांबते.”

डॉक्टर हसले. माझ्याकडे बघून हसले, शिकलेला माणूस शिकलेल्या माणसाकडे बघून हसतो तसे. आणि मी, जनकाबाई मास्तरीण, मीही हसले. डॉक्टरांनी मन शांत राहायच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या घेऊन ती सकाळी आठपर्यंत लाकडासारखी पडून राहायची आणि इकडे कापलेली मेथी कोमेजायची. चार दिवसांनी तिने गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. मी तिला रागावले. आता विचार केला की वाटतं, त्या घरात शहाणी माणसं मोजायला बसलं तर एकच होती आणि आम्ही तिलाच शहाणपण शिकवत होतो.

गेल्या कार्तिकात अपेक्षाचं जमलं. मुलगा राजकुमार, सोनाळ्याचा, उत्तमरावांचा धाकटा. शेतीही आहे, ठिबक-तुषारचं दुकानही आहे. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या अंगणात झालं. पाहुणे गेल्यावर घरची माणसं ओसरीवर बसली, शालूबाई दारामागे चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि वामनराव म्हणाले, “लग्नात पाय धुवाले मी अन् अपेक्षाची मोठी आई बसू.”

मोठी आई म्हणजे वामनरावांची बायको. बाहेरच्या माणसाला यात काय विशेष ते कळणार नाही. आमच्याकडे मंगलाष्टकं झाली की मुलीचे आई-बाप पाटावर बसून नवरा-नवरीचे पाय परातीत धुतात. आई तांब्याने धार धरते, बाप पाय धुतो. त्यानंतर लेक परकी होते. आईबाप जिवंत, धडधाकट असताना तिथे दुसरं कुणी बसणं म्हणजे चारशे माणसांसमोर सांगणं, की हिला आई असून नसल्यासारखी आहे.

“काऊन?” मी विचारलं.

“सोनायाच्या लोकायनं तसं म्हनलं. वाऱ्याची बाई मांडवात पुढं नोको. तिथं तिले झालं, अन् ती पान्यात तोंड खुपसत सुटली, तं पोरीचं नांदनं होईन का?”

तुळशीराम बाजूलाच बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने बशीतला चहा फुंकला.

“दादा, हे वारं नाई. बिमारी आहे.”

“तीन बार नेलं न तू दवाखान्यात? तीनई बार डॉक्टर काय म्हनला? काई नाई म्हनला. मले एक कागद दाखव, का हे बिमारी आहे. मंग बसव तिले पाटावर.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तो माझ्याच हाताने त्याच्या हातात दिलेला मुद्दा होता. तीन नॉर्मल पट्ट्या मीच आणल्या होत्या.

दारामागे ट्रे हलला नाही, कप वाजला नाही. ती संध्याकाळी माझ्या खोलीत आली, खाली बसली. म्हणाली, “बाई, नऊ महिने पोटात म्याच वाह्यलं न तिले? मले सोनं नाई पायजे, नवं लुगडं नाई पायजे. तिच्या पायावर पानी मले टाकू द्या. येवढं करा.” तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी हो म्हटलं. कसं करणार ते ठाऊक नव्हतं.

माघ निघाला. लग्नाला अडीच महिने राहिले असतील. त्या बाजाराच्या दिवशी मी तिच्याबरोबर नांदुऱ्याला गेले होते, बांगड्यांचं माप द्यायला. ती मेथीचा ढीग लावून बसलेली. गिऱ्हाईक जुड्या चिवडत होतं. बोलता बोलता तिचा हात गळ्यावर गेला. शीर मला दोन हातांवरून दिसत होती.

“बाई, मोटर चालू झाली.”

तिथे गोठा नाही, हौद नाही, रांजण नाही. माझ्या पिशवीतली बाटली रिकामी. शेजारणीला ढिगाकडे बघायला सांगून मी तिला उठवलं. बाजाराच्या कडेलाच एक नवा दवाखाना लागला होता, डॉक्टर करिष्मा म्हणून खामगावकडची तरुण मुलगी बसायची. हाताला माती, तोंडाला घाम आणि धूळ, पदराला मेथीचा पाला, अशीच तिला आत नेली. आणि एवढं होऊनही माझी खोड बघा. बाकावर बसवलं, तिथल्या माठातून पेला भरला आणि म्हटलं, “अगं, आधी तोंड तं धू.”

डॉक्टरबाई आतून आल्या. त्यांनी शालूबाईचा हात धरून नाडी बघितली आणि दुसऱ्या हाताने माझा पेला सरळ काढून घेतला. “बाई, पाणी नको. आधी पट्टी.”

तारा लागल्या. मशीनमधून कागद सरकायला लागला. मला त्यातलं काही कळत नाही, पण रेघा एकमेकींना चिकटून पळत होत्या, श्वास घ्यायला जागा नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, “एकशे शहाण्णव.” मग शालूबाईजवळ स्टूल ओढून बसल्या. “मावशी, छातीत दुखतं का? चक्कर? नाही? बरं. हे पहिल्यांदाच होतंय का?”

“सतरा-अठरा वर्सं झाले.”

“आणि थांबतं कसं?”

शालूबाईने माझ्याकडे पाहिलं. मी कधी हसले होते ते तिला आठवत होतं. ती खाली बघून म्हणाली, “ढोरायच्या हौदात तोंड घालते. श्वास धरून. मंग थांबते.”

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. उठल्या, आतल्या फ्रिजमधलं पाणी आणि बर्फ एका तसराळ्यात घेऊन आल्या, ते तिच्या मांडीवर धरलं. तारा तशाच ठेवल्या, मशीन चालूच ठेवलं. “घाला तोंड. नेहमी जसं करता तसंच करा.”

तिने पदर मागे सारला, श्वास घेतला, तोंड घातलं. मशीन कागद सोडत होतं. रेघा पळत होत्या, पळत होत्या, मग एक रिकामी जागा आली. आणि त्यापुढे एक रेघ, मग ऐसपैस अंतर, मग दुसरी. शालूबाईने तोंड वर काढलं, पाणी हनुवटीवरून गळत होतं. “थांबली,” ती म्हणाली. डॉक्टरबाईंनी आधी आकडा बघितला. चौऱ्याऐंशी.

मग त्यांनी आम्हाला समजावलं, आणि मुख्य म्हणजे तिला समजावलं. हृदयात ठोक्यांची एक वाट असते. हिच्या हृदयात जन्मापासून एक जास्तीची आडवाट आहे. कधीमधी ठोका त्या आडवाटेत शिरतो आणि तिथेच गरगर फिरत राहतो. भीतीची धडधड हळूहळू चढते, हळूहळू उतरते. हिची एका क्षणात सुरू, एका क्षणात बंद, हीच खूण. गार पाण्यात तोंड बुडवून श्वास कोंडला की शरीर आपोआप हृदयाला लगाम लावतं. “हा उपाय डॉक्टर लोक पेशंटला शिकवतात, मावशी. तुम्हाला कुणी शिकवला?”

“कोनीच नाई,” शालूबाई म्हणाली. “मीच सांगून राह्यली सगळ्यायले.”

मग डॉक्टरबाईंनी मला विचारलं, “याआधी पट्टी काढली होती?”

“तीनदा. तिन्ही वेळा नॉर्मल.”

“धडधड चालू असताना काढली की थांबल्यावर? थांबल्यावर काढली तर नॉर्मलच येणार. दवाखान्यात पोचायच्या आधी घरी काय करायच्या या?”

शालूबाईने तोंड पुसायला घेतलं. तिला सांगता आलं असतं, आणि सांगायचा तिला हक्क होता. मला तिच्या गप्प बसण्याचाच राग आला, कारण मग ते मला बोलावं लागलं.

“तोंड धुवायची,” मी म्हटलं. “मी धुवायला लावायची.”

बाबाने फोकांनी मारलं, भावाने वारं ठरवलं, डॉक्टरांनी मन ठरवलं. त्या सगळ्यांवर मी इतकी वर्षं दात खात होते. आणि ज्या क्षणी तिचा आजार कागदावर उतरणार, त्या क्षणी दर वेळी रांजणाचं पाणी मारून तो पुसून टाकणारी मी होते. ओरडून, स्वच्छतेच्या नावाखाली.

रोजची एक गोळी सुरू झाली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ निघालं, त्याची वेगळी गोळी. घरातल्या बायका शेवटी उरलंसुरलं खातात, मग रक्त नऊच असणार. दिवसाकाठी सहा कप चहा होता तो दोनवर आला. धडधड आली की बसून किंवा आडवं होऊन पाण्याचा उपाय करायचा, उभ्याने नाही. छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर थेट मोठा दवाखाना, आणि ‘तोंड धुण्यात वेळ घालवायचा नाही’ हे डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघून सांगितलं. लग्नानंतर अकोल्याला जायचं. पायाच्या शिरेतून तार घालून ती आडवाट कायमची बंद करतात म्हणे.

मी तो कागद घेऊन घरी आले आणि वामनरावांच्या पेपरवर ठेवला. “घे. मागितला होता न?”

त्यांनी चष्मा चढवला, कागद उलटा-सुलटा केला. “रेघोट्या आहेत ह्या. लोकायले रेघोट्या दाखवू काय? सोनायाचे लोक नाई म्हनून राह्यले, आपल्या हातात काय आहे?”

असं म्हणतोस का, म्हटलं. दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून मी सोनाळ्याला गेले. उत्तमराव दुकानात पाइपांच्या गराड्यात बसले होते. मला बघून उठले, पाणी दिलं. मी पट्टी काढून टेबलावर पसरली आणि सगळं सांगितलं, हौदापासून. शेवटी म्हटलं, “तुमची अट असली तं आता काढून घ्या.”

उत्तमराव माझ्याकडे बघतच राहिले. “कोनती अट, बाई?”

“विहीनबाईनं पाय धुवाले बसू नये म्हनून.”

“आमी काऊन असं म्हनू? आमाले तं वामनरावच म्हनले, का तुळशीरामची बायको बिमार राह्यते, तिच्यानं बसनं होत नाई, म्हनून मी बसतो. आमी म्हनलं, तुमची मर्जी.”

परतीच्या एसटीत मी खिडकीच्या गजाला धरून बसले होते. लोक काय म्हणतील याची भीती माझ्या दादाला एवढी, की लोकांनी म्हणायच्या आधीच त्याने लोकांच्या नावाने म्हणून टाकलं. सोनाळ्याला सांगितलं की आई आजारी आहे, वडनेरला सांगितलं की सोनाळा तयार नाही, आणि मधल्या मधे एका बाईचं आईपण काढून घेतलं. घरी येऊन मी ओसरीवर उभी राहून हे मोठ्याने सांगितलं, शेजारी ऐकतील इतक्या मोठ्याने. वामनराव उठून आत गेले. तुळशीराम तेव्हा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, “मी अन् शालूच बसू.” एवढंच, पण चोवीस वर्षांनी का होईना बोलला.

लग्न वैशाखात, आमच्याच अंगणात. ऊन असं की मांडवाखालीही डोकं तापत होतं. तीन दिवस शालूबाई नीट झोपली नव्हती, हळदीच्या दिवसापासून धड जेवली नव्हती. गोळी मात्र मी समोर उभी राहून द्यायचे. मंगलाष्टकं झाली. ती आणि तुळशीराम पाटावर बसले, पुढे परात, परातीत अपेक्षाचे आणि राजकुमारचे पाय. वामनराव मागे उभे, चेहरा दगडाचा.

तिने तांब्या उचलला आणि धार परातीबाहेर गेली. मी गळ्याकडे पाहिलं. शीर उडत होती.

बायकांमध्ये कुजबुज झाली. “आलं, आलं वारं,” कुणीतरी म्हणालं, मला ऐकू येईल असं. मी उठले. मला वाटलं, आता ही मागच्या दाराने गोठ्यात जाईल. इतक्या वर्षांची सवय आहे. गेली की पाट रिकामा, आणि रिकामा पाट बघायलाच अर्धा मांडव टपून बसलेला.

ती उठली नाही. तांब्या खाली ठेवला, मान वळवली आणि थेट वामनरावांकडे पाहिलं.

“मोठेबाबा,” अपेक्षा त्यांना हाक मारते त्याच नावाने तिने हाक मारली, “थंडं पानी आना. घमेल्यात.”

दादाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुळशीरामकडे, जणू ती हे दुसऱ्या कुणाला म्हणाली असेल. मध्ये घालायला पोरं नव्हती, भिंत नव्हती. ते गेले. जेवणाच्या टेबलाजवळचा थंड पाण्याचा जार त्यांनी स्वतः घमेल्यात उलटा केला आणि घमेलं दोन्ही हातांनी धरून आणलं, अंगावर सांडत. तिच्यापुढे टेकवून, वाकून धरून उभे राहिले.

तिने त्यांच्या देखत डोक्यावरचा पदर मागे टाकला. श्वास घेतला. तोंड घातलं. मी शाळेत मोजायचे तसं मोठ्याने मोजलं, मांडवाला ऐकू जाईल असं. एक, दोन, तीन. अपेक्षा ओठ चावून उभी होती. सतराला शालूबाईने तोंड वर काढलं, दोन बोटं गळ्यावर ठेवली आणि बसून राहिली.

“थांबली,” ती म्हणाली. “चाल वं पोरी, पाय आन.”

मग तिने धार धरली. पाण्याची धार सरळ पडत होती. तुळशीराम लेकीचे पाय धुवत होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी परातीत पडत होतं, पण ते कुणी वेगळं ओळखलं नसतं. उत्तमराव पुढे येऊन म्हणाले, “सावकाश होऊ द्या विहीनबाई, घाई नाई.” दादा अजून वाकून घमेलं धरून उभे होते, कुठे ठेवावं ते त्यांना सुचत नव्हतं. “धरून ठेव, दादा,” मी म्हटलं. “अजून लागलं तं.”

शालूबाईचं कुंकू ओघळून नाकापर्यंत आलं होतं, गालावर ओल्या बटा चिकटल्या होत्या. चारशे माणसं बघत होती, फोटोवाला समोर होता. माझ्या खांद्यावर टॉवेल होता. माझा हात आपोआप पुढे गेला, तिचं तोंड नीट करायला.

तिने माझं मनगट धरलं. हसली, आणि मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाली, “बाई, आता तं धुतलं न तोंड? राहू द्या तसंच.”

मी हात मागे घेतला.